दक्षताचा विषय

आमच्या कॉलेजात पाहुणे आले की दक्षता नाचायची. खरं म्हणजे तिला नाचवायचे. नगरसेवक आले, कोळीनृत्य. बँकेचे मॅनेजर आले, कोळीनृत्य. एकदा तर नेत्रतपासणी शिबिराच्या उद्घाटनालाही ही पोरगी लुगडं चापूनचोपून नेसून, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन स्टेजवर आली आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं. मी त्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. देवयानी मॅडमना राग फार लवकर येतो, असं स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल म्हणतात. येतो. रागाची कारणं रोज आपल्या पायांनी चालत समोर येत असतील तर मी काय डोळे मिटून बसू?

यातली गंमत अशी की दक्षताला नाचता येत नाही. तिने मला ते स्वतः सांगितलं, पुस्तक परत करताना, हळू आवाजात. "मॅडम, मला स्टेप्स लक्षातच राहत नाहीत. मैथिलीने शिकवलं सगळं." मैथिली म्हणजे तिच्या वर्गातली, लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेली मुलगी. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघून कोळीनृत्य बसवलं आणि ते कोळणीला शिकवलं. स्टेजवर मैथिली काय सुरेख नाचायची! पण तिला कायम मागच्या रांगेत उभी करायचे आणि दक्षताला पुढे, कारण प्राचार्यांना 'अस्सल' पाहिजे होतं. अस्सल माणूस पाय चुकला तरी चालतो म्हणे.

दक्षता डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठची. बाप दामाजी. त्याची होडी अजून बंदरावर असते, पण खाडीत माशांपेक्षा कारखान्यांचा फेसच जास्त, म्हणून तो भाड्याच्या टेम्पोवर जातो. आई चंद्रभागा मासळीबाजारात बसते. त्याआधी कितीतरी वर्षं ती पूर्वेला दारोदार फिरून मासे विकायची आणि शाळेला सुट्टी असली की दक्षता तिच्याबरोबर असायची. आमच्या चैत्रपालवी सोसायटीतही त्या दोघी यायच्या. चंद्रभागाबाई सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढायच्या, कारण लिफ्टच्या दारावर पाटी होती, आणि अजून आहे: 'मासळीविक्रेते, भंगारवाले व घरकाम करणाऱ्या बायका यांनी लिफ्टचा वापर करू नये. आदेशावरून.' कोणाचा आदेश, ते काही लिहिलेलं नाही. मी दोनदा वार्षिक सभेत या पाटीवरून भांडले. दोन्ही वेळा 'सभासदांची सूचना नोंदवून घेतली' असं इतिवृत्तात आलं आणि पाटी होती तिथेच राहिली.

चंद्रभागाबाईंना वाचता येत नाही. ती पाटी त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवली दक्षताने. तेव्हा ती दुसरीत की तिसरीत होती, नवीन वाचायला शिकलेली, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर तिने आईला विचारलं होतं, "आये, हे कोन ठरवतं?" आई म्हणाली, "चल, वर जायचाय."

समाजशास्त्रात दक्षता तिन्ही वर्षं वर्गात पहिली आली. आणि नेमकं तिच्या बॅचपासून आमच्याकडे ते चौथं वर्ष सुरू झालं. ज्यांना चांगले गुण आहेत त्यांनी आणखी एक वर्ष थांबायचं, स्वतःचा एक विषय निवडून त्यावर संशोधन करायचं आणि ऑनर्सची पदवी घ्यायची. पुढे एम.ए. एका वर्षात होतं, पीएच.डी.ची वाट जवळ येते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तुमचा प्रश्न, तुमचा शोध'. ते वाचून दक्षता ग्रंथालयात आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मलाही बरं वाटलं. मला सहसा बरं वाटत नाही.

पहिलं संकट घरून आलं. आपल्याकडे एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. झालं की माणूस सुटतो. चौथ्या वर्षाला कोण बसतं? ज्याचे विषय राहिलेत तो. खाडीकाठच्या त्या गावात दोन दिवसांत बातमी झाली की दामाजीची पोर गटांगळी खाऊन बसली. गावाचं सोडा, आमच्या सोसायटीतही लोकांनी हेच विचारलं, आणि हे लोक स्वतःला सुशिक्षित म्हणवतात. शेवटी एक दिवस चंद्रभागाबाई बाजार आटोपून थेट ग्रंथालयात आल्या. दारातच थांबल्या. मी आत बोलावलं तरी खुर्चीवर बसेनात.

"म्याडम, खरा सांगा. माझी पोर नापास झाली काय?"

"नाही हो. पहिली आलीय. पहिली आली म्हणून तर चौथं वर्ष."

"पयली आली मंग लवकर सोडाला नको? शेजारची पोर तीन वर्सांत सुटली. ही हुशार, तर हिला जास्त वरीस?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. मग मी त्यांना समजावलं की हे एक वर्ष कोणी शिकवण्यासाठी नाही, तिने स्वतः काहीतरी शोधून काढण्यासाठी आहे, आणि पुढे तेच वर्ष वाचतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी बोलता तर करते," म्हणाल्या आणि निघाल्या. आता माझ्या शब्दावर मुलीचं वर्ष लागलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा मला दुप्पट संताप आला.

ऑनर्सला मार्गदर्शक लागतो. त्याने विषयावर सही केली तर प्रवेश पक्का, नाहीतर तीन वर्षांची पदवी घेऊन घरी. समाजशास्त्रात मार्गदर्शक एकच, विभागप्रमुख केदार सर. सर वाईट नाहीत. वाईट असते तर सोपं झालं असतं. ते फार प्रेमळ आहेत, मुलांना खांद्यावर हात ठेवून 'बाळा' म्हणतात. दक्षताने त्यांना आपला विषय सांगितला तेव्हा मी तिथेच होते, कारण विभागाची पुस्तकं मोजायला गेले होते. तिला अभ्यास करायचा होता तो डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या पाट्यांचा. कामासाठी आत येणाऱ्या माणसांसाठी या पाट्या कोण लिहितं, कुठल्या भाषेत, कुठला जिना, कुठलं फाटक, कुठली वेळ, आणि हे सगळं ठरतं कसं.

सरांनी ऐकून घेतलं आणि हसले. "अगं बाळा, तू खजिन्यावर बसली आहेस आणि तुला पाट्या कसल्या सुचतायत? तुमच्याकडची धवलारीण! लग्न लावताना ती म्हणते ती गाणी! दहा वर्षांनी कोणी उरणार नाही गाणारं. तू घरोघरी जाऊन रेकॉर्ड करून आण. आपण सुंदर पुस्तक करू."

"सर, गाणी चांगली आहेत. पण मला त्यांच्यावर काही प्रश्न नाही पडलेला. मला याच्यावर पडलाय."

"पण यात संशोधन काय आहे? हे तर सगळ्यांना माहीत असतं. आणि तू त्या लोकांमध्ये राहत नाहीस. बाहेरून तुला ते काय कळणार?"

मी पुस्तकं मोजायची थांबले. या गृहस्थांनी स्वतःची पीएच.डी. मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांवर केली आहे. राहतात एमआयडीसीच्या निवासी भागात, बंगल्यात. पाड्यावर जायचे ते सकाळी गाडीने आणि संध्याकाळच्या चहाला परत. त्यांना बाहेरून कळलं! त्यांच्या प्रबंधाला पारितोषिक मिळालं! आणि जी मुलगी लहानपणापासून आमचे जिने चढत आलीय, तिला आमच्याबद्दल काही कळणार नाही. म्हणजे आम्ही त्यांच्याकडे बघायचं, त्यांनी आमच्याकडे बघायचं नाही. मी हे बोलले. जरा मोठ्याने बोलले. केदार सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता."

आठवडाभर सही झाली नाही. दक्षता रोज ग्रंथालयात येऊन बसायची, वाचायची काहीच नाही. प्रवेशाची मुदत संपायला आली तेव्हा सरांनी तिला बोलावलं. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती आणि दक्षताने यापुढे नाचणार नाही असं प्राचार्यांना कळवलं होतं. सरांनी मधला मार्ग काढला. त्यांना वाटलं, आपण सगळ्यांचं भलं करतोय. दक्षताने समितीपुढे नाचावं, सर तिच्या विषयावर सही करतील.

ती हो म्हणाली.

मी तिला फाडून खायचीच बाकी ठेवली होती. "तुला लाज नाही वाटली? हा काय बाजार आहे? नाचलीस तर शिकायला मिळेल, असं तोंडावर सांगतात आणि तू मान डोलावतेस?"

"मॅडम, मला पण राग आलेला," ती म्हणाली. "पण मी विचार केला, नाच एक दिवसाचा आणि विषय वर्षभराचा. सही झाली की विषय माझा, मग त्यात कोण बोलणार? तुम्ही बोला ना मला. पण मी घरी काय सांगू, नाचायचं नव्हतं म्हणून शिकायचं सोडलं?"

आजही मला तो सौदा मान्य नाही, आणि तिची त्यात काही चूक होती असंही मला वाटत नाही. समिती आली, दक्षता पुढच्या रांगेत नाचली, दोनदा पाय चुकला, समितीच्या अध्यक्षांनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. संध्याकाळी केदार सरांनी सही केली. वर म्हणाले, "बघ, सगळं गोडीत झालं की नाही?"

त्यानंतरचं वर्ष मात्र तिचं होतं, हे मला कबूल करावंच लागेल. ग्रंथालयात खिडकीजवळचं एक टेबल ऑनर्सच्या मुलांसाठी राखून ठेवलं होतं. तिथे तिने पुस्तकं आणि लेख यांचा ढीग लावला. इंग्रजी लेख सुरुवातीला शब्दकोश घेऊन वाचायची, दिवाळीनंतर तिला शब्दकोश लागेनासा झाला. मुलाखत कशी घ्यायची, लोक जे बोलत नाहीत ते कसं टिपायचं, हे सगळं ती शिकली. केदार सरांनाही मी न्याय देते, त्यांनी तिला पद्धत नीट शिकवली आणि मसुदे वेळेवर तपासून दिले. ज्या मुलीला तीन वर्षं फक्त उत्तरं पाठ करायला लावली होती, तिला कोणीतरी 'मग तुझं म्हणणं काय?' असं लेखी विचारत होतं. असं वर्ष प्रत्येक पोराला मिळायला हवं. ते फक्त वरच्या नंबरांना आणि नाचणाऱ्यांना का, हा माझा वेगळा राग आहे.

पाट्या गोळा करायला ती पूर्व-पश्चिम सगळी डोंबिवली हिंडली, आणि एका रविवारी आमच्या चैत्रपालवीतही आली. खांद्याला बॅग, हातात मापाची टेप, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात. फाटकापाशी आमचे सेक्रेटरी प्रभाकरराव उभे होते. त्यांनी विचारलं, काय काम? ती म्हणाली, "बिल्डिंगचा अभ्यास करायला आलेय. कॉलेजकडून." त्यातला 'बिल्डिंगचा अभ्यास' एवढाच भाग प्रभाकररावांच्या डोक्यात शिरला. आमच्या इमारतीचं पुनर्विकासाचं घोडं चार वर्षं अडलेलं. डोंबिवलीत अशा इमारतीपाशी कोणी टेप घेऊन उभं राहिलं की ते बिल्डरचंच माणूस असतं, याबद्दल कोणाला शंकाच येत नाही.

"या या, मॅडम!" प्रभाकरराव म्हणाले. बावीस वर्षांच्या पोरीला मॅडम! "उन्हात कशाला उभ्या? लिफ्टने वर चला, गच्चीपासून सुरुवात करा. अगं ए, मॅडमसाठी चहा टाक!"

मी वरून उतरत होते. बघते तर प्रभाकरराव स्वतः लिफ्टचं दार धरून उभे आणि दक्षता दारावरच्या पाटीची लांबी-रुंदी मोजतेय. "ती पाटी काय मोजताय, ती काढूनच टाकायची आहे. नव्या बिल्डिंगमध्ये सर्व्हिस लिफ्ट वेगळीच घेणार आम्ही," ते अभिमानाने सांगत होते. तिने विचारलं, "वेगळी कशासाठी, काका?" आणि त्यांनी अगदी मनमोकळेपणाने सगळं सांगून टाकलं. वास, घाम, स्वच्छता, सभासदांच्या भावना. ती लिहून घेत होती. मग त्यांनी विचारलं, "कार्पेट एरिया किती वाढवून देताय?"

"मी बिल्डरकडची नाही, काका. मी आधीच सांगितलं, कॉलेजातून आलेय. ऑनर्सचा प्रकल्प आहे." आणि त्यांचा चेहरा बघून तिने आणखी सांगितलं, "तुम्ही मला ओळखता. चंद्रभागाबाई मासे घेऊन यायच्या ना, त्यांची मुलगी मी."

प्रभाकररावांनी लिफ्टच्या दारावरचा हात काढला. इतक्या झटकन काढला की दार तिच्या बॅगेवर आपटलं. चहाचं काय झालं कोण जाणे. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला की अनोळखी व्यक्तींना इमारतीची माहिती देऊ नये. अनोळखी! जिच्या आईकडून यांनी वर्षानुवर्षं पापलेटं घासाघीस करून घेतली, ती अनोळखी! मी ग्रुपवर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. मला तीन दिवस ग्रुपवरून काढलं होतं.

प्रबंध पूर्ण झाला आणि खुली मौखिकी ठरली. म्हणजे विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर मांडणी करायची, बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारणार आणि तिथेच श्रेणी देणार. ती नीट गेली तर ऑनर्स, नाहीतर वर्ष फुकट. परीक्षक ठाण्याचे, मोठं नाव असलेले. चंद्रभागाबाई आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. त्या शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून.

दक्षता छान बोलली. घाई नाही, घाबरणं नाही. पाट्यांचे फोटो दाखवले, लोकांचे शब्द वाचून दाखवले, कुठे आपल्याला नक्की सांगता येत नाही तेही सांगितलं. बोलणं संपलं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "वा! अप्रतिम आत्मविश्वास. खाडीकाठच्या मुलीने इथवर यावं, याचंच कौतुक. मला वाटतं, प्रश्न वगैरे राहू देत. केदार सर सांगत होते, तुमच्याकडे गाण्यांची फार मोठी परंपरा आहे. जाता जाता एक कोळीगीत होऊन जाऊ दे!"

प्राचार्य म्हणाले, "हो हो, होऊन जाऊ दे." केदार सर मान हलवून हसले. कोणीतरी मागून शिट्टी वाजवली. वर्षभराचं काम त्या माणसाच्या हाताखाली टेबलावर पडलं होतं, आणि एक प्रश्न विचारण्याइतकंही त्याला ते मोलाचं वाटलं नाही. मी उठणारच होते. पण माझ्याआधी चंद्रभागाबाई उठल्या.

त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "मार्क दिलं काय?" आणि मी नाही म्हणाले होते. त्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"सायब, तिला नाय येत गाना. लहानपनापासना नाय येत. मी बोलते. कंचा बोलू सांगा, लग्नातला बोलू? पन पोरीला पास करा."

हॉलमध्ये हशा पिकला. टाळ्यासुद्धा वाजल्या. लोकांना ते गोड वाटलं. आई मुलीसाठी भर सभेत पदर पसरते आणि यांना गोड वाटतं!

दक्षताने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. "आये, बस," ती म्हणाली. मग परीक्षकांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "सर, परीक्षा माझी आहे, माझ्या आईची नाही. मी इथे एक विषय मांडला. त्यावर तुम्ही अजून काहीच विचारलं नाही. मला प्रश्न विचारा, सर. मला उत्तर नाही आलं तर नापास करा."

केदार सरांचं हसू मावळलं. परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला, प्रबंध पुढे ओढला आणि पानं उलटायला लागले. बराच वेळ उलटत होते, कारण ते पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही फक्त लिफ्टच्या इमारती घेतल्या. चाळी का वगळल्या? चाळीत हे नसतं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

प्रश्न चांगला होता. दक्षता टेबलाला टेकली आणि बोलायला लागली. चाळीत असतं, पण तिथे पाटी लागत नाही, तिथे नजर पुरते. मग पाटी कधी लागते, माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली की लागते का, हे आपल्याला अजून सांगता येत नाही, पुढे तेच करायचंय. त्यांनी मध्येच अडवलं, तिने मुद्दा खोडून काढला, त्यांनी दुसरीकडून विचारलं. याच उत्तरांवर तिला वरची श्रेणी मिळाली आणि आज ती कलिन्याला विद्यापीठात एका वर्षाचं एम.ए. करतेय. पण त्या वेळी शेजारी बसलेल्या चंद्रभागाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त मोठ्या साहेबाचा चढा आवाज ऐकू येत होता आणि आपली पोर त्याला उलट बोलताना दिसत होती. त्यांनी माझा हात धरला.

"म्याडम, ती भांडते काय सायबाशी? आता नापास करतीन ना तिला?"

"नाही हो," मी म्हणाले. "आता कुठे तिची परीक्षा घ्यायला लागलेत."